दार उघडल्यानंतरचं लिहा : पटकथाकार आणि दिग्दर्शकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी चित्रपट, मालिका आणि वेब सिरीजचे लेखक, दिग्दर्शक, निर्माते

सप्रेम नमस्कार.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. माझ्यासमोर रोज येऊन बसतात ती माणसं तुमचे प्रेक्षक आहेत. व्यसन म्हणजे काय, ते कसं सुटतं, सुटायला किती वेळ लागतो, याबद्दलच्या त्यांच्या डोक्यातल्या कल्पना डॉक्टरांकडून आलेल्या नसतात. त्या तुमच्याकडून आलेल्या असतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तो प्रसंग तुम्हाला पाठ असेल. मुलगा नशेच्या आहारी गेलेला असतो. बाप किंवा मोठा भाऊ त्याला खोलीत ढकलतो आणि बाहेरून कडी घालतो. आतून आरडाओरडा, दारावर धडका. बाहेर आई पदराने डोळे पुसते. पार्श्वसंगीत चढत जातं. मग सकाळ होते, दार उघडतं, पोरगा आईच्या पायावर डोकं ठेवतो आणि पुढच्या दृश्यात दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामाला निघालेला असतो.

आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांनी हा प्रयोग करून पाहिलेला असतो. कुणी गावाकडच्या वाड्यात माडीवर ठेवलेलं असतं, कुणी चाळीतल्या एकुलत्या एका खोलीत, बाकी सगळे शेजाऱ्यांकडे झोपायला जाऊन. आणि प्रयोग फसल्यावर ते आमच्याकडे येतात तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "आम्ही सगळं करून पाहिलं, आता याचं काही होणार नाही." मुलाचीही तीच समजूत झालेली असते. आपण एका रात्रीत सुधारलो नाही म्हणजे आपल्यातच खोट आहे, असं त्याने मनाशी धरलेलं असतं.

माझी मागणी एकच आहे. हा प्रसंग असा लिहिणं थांबवा, आणि दार उघडल्यानंतरचे महिने लिहा.

ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, ओढणाऱ्याची टर्की (नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास) जशी असते तशी सांगते. शेवटच्या झुरक्यानंतर आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात, एकामागून एक, जबडा दुखेपर्यंत. नाक आणि डोळे गळायला लागतात. घरातल्यांना वाटतं सर्दी झाली. अंगावर काटा येतो आणि तो जात नाही. भर मे महिन्यात माणूस दोन चादरी ओढून घेतो आणि पाच मिनिटांत घामाने भिजून त्या भिरकावतो. पोटऱ्यांत आणि कमरेत गोळे येतात, पाय आपोआप झाडले जातात. उलट्या, जुलाब, डोळ्याला डोळा नाही. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आठवडाभरात शरीर बरंचसं शांत होतं. हे सगळं सोसणं फार कठीण आहे, पण त्यात भिंतीवर डोकं आपटणारा राक्षस क्वचितच असतो. बहुतेक वेळ तो गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेला असतो, आणि थोड्या थोड्या वेळाने भिंतीला धरत संडासात जातो. कॅमेऱ्याला यात फारसं काही सापडत नाही, हे मला समजतं. पण त्या जांभया, ते गळणारं नाक, उन्हाळ्यात अंगावर घेतलेली चादर, या खुणा पडद्यावर एकदा जरी नीट दिसल्या तरी एखादी आई त्या ओळखेल. आज ती पोराला सर्दीचं औषध देत बसते.

दारूचं मात्र वेगळं आहे, आणि इथे तुमची बंद खोली जीव घेऊ शकते.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : अंगावर किडे चालताहेत, कोपऱ्यात कुणी उभं आहे, आपण घरात नसून दुकानात आहोत. ताप चढतो, नाडी धावते. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. हे टाळता येतं. त्यासाठी ठरावीक औषधं असतात, ब-१ जीवनसत्त्व देतात, आणि लक्ष ठेवायला कुणीतरी असावं लागतं. सिनेमात मात्र सगळं उलटंपालटं झालंय. गर्द ओढणाऱ्याला भास होताना दाखवतात, ते सहसा त्याला होत नाहीत. आणि दारू पिणाऱ्याला, ज्याला ते खरंच होतात, त्याला थंड पाण्याची बादली ओतून शुद्धीवर आणतात आणि पुढच्या दृश्यात तो बरा झालेला असतो. दारू सोडवायची म्हणून माणसाला कोंडून घरचे लोक देवदर्शनाला गेले आणि परत आले तर तो फिट येऊन पडलेला, अशी घरं मला माहीत आहेत. त्यांनी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दार उघडल्यानंतरचं. गर्द आठवडा-पंधरा दिवस तुटलं की शरीराची सवय उतरते. पूर्वी जेवढी पुडी पचत होती तेवढी आता पचत नाही. पण त्याच्या डोक्यात मात्र जुनंच माप असतं. तो बाहेर पडतो, जुना मित्र भेटतो, तो जुन्याच मापाने घेतो, आणि श्वास मंदावत जाऊन थांबतो. घरून, केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकताच बाहेर आलेला माणूस या धोक्याच्या सगळ्यात जवळ असतो. मरणाची एवढी दृश्यं आपण पाहिली, पण "सोडल्यावर" झालेलं मरण किती वेळा पाहिलं? पडद्यावरचा नशेबाज खोल खोल जात शेवटी मरतो. प्रत्यक्षात कितीतरी वेळा तो वर येत असताना जातो, घरच्यांनी पेढे वाटल्यानंतर. ही गोष्ट एका पटकथेत नीट आली तर तिने काही जीव वाचतील, असं मला मनापासून वाटतं.

अतिमात्रेचा प्रसंगही असाच. 'पल्प फिक्शन'मध्ये बेशुद्ध पडलेल्या बाईच्या थेट छातीत अॅड्रेनलिनची सुई खुपसतात आणि ती ताडकन उठून बसते. दृश्य जगभर गाजलं. वैद्यकीयदृष्ट्या त्याला आधार नाही. अफूच्या कुळातल्या (गर्द, हेरॉइनसारख्या) नशेवर उतारा आहे तो नॅलॉक्सोनचा. आपल्याकडे तो घराघरात नसतो, म्हणून बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, ओठ निळे पडलेत, श्वास घोरल्यासारखा आणि थांबून थांबून येतोय हे दिसलं की रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करायचा, माणसाला कुशीवर वळवायचं आणि सोडून जायचं नाही. बाहुल्यांवरून आठवलं : 'रेक्विएम फॉर अ ड्रीम'मध्ये हेरॉइन घेतल्यावर बाहुली विस्फारते असं अगदी जवळून, पुन्हा पुन्हा दाखवलंय. प्रत्यक्षात ती आकसते. छोटी चूक वाटेल, पण मुलाच्या डोळ्यांत बघून अंदाज घेणाऱ्या बापाला ती उलट्या दिशेला नेते.

मी परदेशी सिनेमांची उणीदुणी काढायला बसलेली नाही. 'ट्रेनस्पॉटिंग' (१९९६) माझ्या मते या विषयावरच्या प्रामाणिक चित्रपटांपैकी आहे. त्यातही नायकाला आई-बाप खोलीत बंद करतात, आणि त्याला छतावर रांगणारं बाळ दिसतं. तो दिग्दर्शकाने घेतलेला कल्पनेचा अधिकार आहे. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं बघा. नायक टर्कीची तयारी करतो तेव्हा सूपचे डबे, बादल्या, दाराला ठोकायच्या फळ्या अशी सगळी जमवाजमव करतो आणि तरी बाहेर पडतो. आणि अंगातली कळ थांबल्यावर खरी लढाई सुरू होते, कंटाळ्याशी आणि खिन्नतेशी, हे तो आपल्याच तोंडाने सांगतो. हे कुठून आलं? एक तर मूळ कादंबरी त्या वस्तीतलं जगणं जवळून माहीत असलेल्या लेखकाची. शिवाय चित्रपटाच्या मंडळींनी ग्लासगोच्या 'कॅल्टन अॅथलेटिक' या व्यसनातून बाहेर पडलेल्यांच्या गटाला सल्लागार म्हणून सोबत घेतलं होतं. नट त्यांच्यात जाऊन बसले. सुरुवातीच्या फुटबॉलच्या दृश्यात समोरचा संघही त्यांचाच आहे.

आपल्याकडे लढाईच्या दृश्याला फाइट मास्टर असतो, लावणीला नृत्यदिग्दर्शक असतो, कोर्टाच्या प्रसंगासाठी तुम्ही एखाद्या वकिलाला विचारता. व्यसनाच्या प्रसंगासाठी कुणाला विचारता?

आपल्या भाषेत या गोष्टीचा पाया भक्कम घातलेला आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर, रंगभूमीवर आलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नाटकात काय काय आहे ते या कामात पडल्यानंतर पुन्हा वाचलं आणि मी थक्क झाले. नायक सुधाकरच्या हातात पहिला प्याला देणारा कुणी खलनायक नाही. तो त्याचाच माणूस आहे, तळीराम. वकिलीची सनद गेल्याच्या अपमानात जळणाऱ्या मालकाला तो विसरण्याचा उपाय सांगतो. आजही तसंच असतं. काळ्या काचांच्या गाडीतून कुणी येऊन पुडी देत नाही. देतो तो मावसभाऊ, वर्गातला मित्र, रात्रपाळीचा जोडीदार, आणि बहुतेक वेळा चांगल्या मनाने देतो. आणि याहून मोठी गोष्ट : सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो खरा असतो. मग तो काम शोधायला ओळखीच्यांकडे जातो, जागोजाग पाणउतारा होतो, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. रिलॅप्स म्हणजे काय हे मराठी माणसाला गडकऱ्यांनी तेव्हा दाखवून ठेवलंय. त्यात शपथ खोटी नव्हती. शपथेनंतर जगायला जी जागा लागते ती कुणी दिली नाही. नंतरच्या आपल्या किती पटकथांनी हा धागा उचलला? आपण उचललं ते दोन्ही टोकांचं : तळीरामाच्या आर्यमदिरामंडळातलं हसू, आणि शेवटचं मरण. गल्लीतला झिंगलेला शेजारी विनोदाला, आणि नायक चितेवर. मधलं सगळं गळून गेलं.

आणखी एक गोष्ट त्या नाटकातून घरोघर गेली, तिच्याबद्दल आदर ठेवूनही बोललं पाहिजे. सुधाकरची बायको, सिंधू. दळण दळून घर चालवणारी, मार खाऊनही नवऱ्याला दोष न देणारी. बालगंधर्वांनी ती उभी केली आणि पिढ्यान्पिढ्या प्रेक्षक रडले. पण आमच्याकडे येणाऱ्या बायका त्या सिंधूच्या ओझ्याखाली वाकलेल्या असतात. सासू सांगते सोस, आई सांगते सोस, मालिकेतली नायिका व्रत धरते आणि नवरा सुधारतो. बाईने सोसल्याने दारू सुटत नाही. तिने कर्ज फेडलं, त्याच्या साहेबाला फोन करून "ताप आलाय" सांगितलं, पोरांपासून लपवलं, तर त्याचं पिणं लांबतं. हे तिला सांगताना आम्हाला फार जपावं लागतं, कारण तिने आजवर केलेलं सगळं प्रेमापोटी आणि धाकापोटी केलेलं असतं. पडद्यावर एकदा तरी अशी बायको येऊ द्या जी साहेबाला खोटं सांगायला नकार देते, आणि त्या नकाराबद्दल कथा तिला शिक्षा करत नाही.

दार उघडल्यानंतरचे महिने लिहा म्हणते, तर त्यात असतं काय? एक घर सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. नवरा रिक्षा चालवतो, दारू सोडून काही महिने झालेत. रात्री तो घरी येतो, चप्पल काढतो, पाणी मागतो. बायको तांब्या देताना अर्धं पाऊल जास्त पुढे येते. फार नाही, अर्धंच. तिला त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा असतो. त्याला ते कळतं. तो काही बोलत नाही, पण पाणी पिताना मान वळवतो. मान वळवली म्हणून तिला संशय येतो. जेवताना दोघंही गप्प. मुलगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघते आणि आपलं ताट उचलून आत जाते. त्या रात्री तो प्यालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी मात्र तो मला म्हणाला, "मॅडम, न पिऊनही तेच ऐकायचं, तर मग पिऊनच का ऐकू नये?" आणि ती मला म्हणाली, "मला झोप लागते ती त्याचा श्वास हुंगल्यावरच, मी काय करू?" दोघांचंही खरं होतं. यात तुम्हाला नाट्य दिसत नाही का? मला तर दाराला धडका मारण्यात आहे त्याहून किती तरी जास्त दिसतं. पुढे त्यांनी आपसात एक रीत ठरवली : तो आल्याबरोबर स्वतःच तिच्याजवळ जाऊन बसणार आणि दिवसभरात काय झालं ते सांगणार, भाडी किती मारली, कुठे प्यावंसं वाटलं, कुणी बोलावलं. वास घ्यायची गरज हळूहळू उरली नाही. मध्ये एकदा तो घसरलाही, एका लग्नात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो केंद्रात आला, आणि बायको त्याच्याबरोबर आली. पहिल्यांदा घसरला होता तेव्हा ती माहेरी गेली होती.

पैशाचं सांगते. व्यसन घरात पैशाच्या रूपाने आधी दिसतं. पुडीच्या आधी गॅसचं रिकामं सिलिंडर जातं, पितळेचा बंब जातो, धाकट्याची सायकल "मित्राने नेली" होते. चॉकलेटमधली चंदेरी पन्नी, जिच्यावर गर्द ओढतात, खिशात सापडते आणि आईला वाटतं पोरगा अजून लहानच आहे, चॉकलेट खातो. खोटं बोलण्याचंही एक तंत्र असतं : पूर्ण खोटं कुणी बोलत नाही. "मित्राच्या वडिलांना दवाखान्यात नेलंय" म्हणतो तेव्हा मित्राचे वडील खरंच दवाखान्यात असतात. तुमचे संवादलेखक हे फार छान लिहू शकतील. सध्या त्यांच्याकडून "मला सोड, मला पाहिजे!" एवढंच लिहून घेतलं जातं.

कथेतला नशा करणारा कोण असतो, हाही प्रश्न आहे. निऑन दिवे, गोव्याचा किनारा, श्रीमंत बापाचा मुलगा, एखादी तोकडे कपडे घातलेली मुलगी, जिला पुढे कथा शिक्षा देणार हे पहिल्या दृश्यातच कळतं. आमच्याकडे कोण येतं? मालेगावात ज्याला कुत्ता गोळी म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या खाणारा यंत्रमाग कामगार. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपवणारा. स्टेशनवर रुमालात सोल्युशन (पंक्चर चिकटवायचा द्रव) ओतून हुंगणारं दहा-बारा वर्षांचं पोर. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगायच्या नशेचं मुलांमधलं प्रमाण १.१७ टक्के आणि मोठ्यांमधलं ०.५८ टक्के आहे. एमडी घेणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ज्याला टर्की येत नाही. तो दोन-तीन रात्री जागतो, मग कोसळतो, आणि आपल्यामागे कुणीतरी लागलंय या संशयाने खिडक्या लावून घेतो. एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभला त्याचा मोठा साठा पकडला तेव्हा बातम्या किलो आणि कोटींच्या होत्या. तो माल पोचणार होता ती पोरं त्या बातम्यांत नव्हती. ती तुमच्या कथांत यायला हवीत.

आणि बायका. मशेरीचा डबा चुलीजवळ ठेवणाऱ्या आजीला आपण व्यसनी म्हणतच नाही. नवऱ्याबरोबर प्यायला लागलेली, मग एकटी पिणारी बाई उपचाराला येते ती फार उशिरा, कारण पुरुष घसरला तर घर सांभाळून घेतं आणि ती घसरली तर घर तिला टाकतं. पुण्यात 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग सुरू केला तो यासाठीच. वर उल्लेख केलेल्या 'रेक्विएम'मध्ये बाहुलीची चूक असली तरी एक गोष्ट फार खरी आहे : नायकाची म्हातारी आई डॉक्टरने दिलेल्या वजन उतरवायच्या गोळ्यांत अडकत जाते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अशी आई मराठीत कुणी लिहिली तर मी पहिल्या दिवशी पहिला खेळ बघेन.

'मुक्तांगण'चं नाव आलंच आहे तर सांगते. लेखक अनिल अवचटांनी गर्द ओढणाऱ्यांमध्ये बसून, त्यांच्याशी बोलून लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, मदतीला उभे राहिले, आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र चालवायला घेतलं. आज हजारो घरं त्या केंद्राचं नाव घेतात. खरं लिहिल्याने काय होऊ शकतं याचं उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको.

तुमच्या अडचणी मला अगदीच ठाऊक नाहीत असं नाही. सेन्सॉर बोर्डाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यसनाला उत्तेजन देणारी, त्याचं समर्थन करणारी, त्याला झळाळी देणारी दृश्यं नकोत असं म्हटलंय. त्या धाकाने लेखक नशा करणाऱ्या पात्राला शेवटी मारून टाकतो, म्हणजे संदेश गेला. 'उडता पंजाब'च्या वेळी २०१६ साली प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी एका कटवर चित्रपट सुटला. भांडण शिव्यांवर आणि पंजाबच्या नावावर झालं. उपचार बरोबर दाखवलेत का, हा प्रश्न कुणाच्याच यादीत नव्हता. तो प्रश्न बोर्डाने विचारावा असं मला वाटत नाही. तो तुम्ही स्वतःला विचारावा. मरण म्हणजे इशारा, ही समजूत प्रेक्षकाला दूर नेते. जो पितो तो पडद्यावरचं मरण बघून म्हणतो, "मी एवढा थोडाच गेलोय." त्याला त्याच्याइतकाच गेलेला माणूस दाखवा.

पडद्याच्या खाली ती पट्टी येते, धूम्रपान आणि मद्यपान आरोग्याला हानिकारक असल्याची. तिथे उरलेल्या जागेत सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ का देत नाही? त्याच सर्वेक्षणाप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळतो. बाकीच्यांना हानी माहीत आहे. फोन कुठे करायचा ते माहीत नाही. आणखी एक वाक्य तुमच्या एखाद्या डॉक्टर पात्राच्या तोंडी घालता येईल : थोड्या प्रमाणात नशा सापडलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर अमली पदार्थांच्या कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ६४अ खाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात दडवणाऱ्या आई-बापांची संख्या थोडी नाही.

केंद्रं दाखवाल तर तीही खरी दाखवा. साखळ्या, फटके, उपाशी ठेवणं असं करणाऱ्या जागा आहेत, त्या उघड्या पाडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कुणालाही साखळीने बांधायला बंदी केली आहे. पण तोच मार "कडक प्रेम" म्हणून नायकाच्या भल्यासाठी दाखवू नका. आणि एखादा असा माणूसही येऊ द्या जो रोज सकाळी सरकारी इस्पितळातल्या केंद्रात जाऊन जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिनची (गर्दची ओढ शमवणाऱ्या औषधाची) गोळी विरघळवतो आणि तिथून कामावर जातो. त्याला लोक म्हणतात, एक सोडून दुसरं धरलं. तो मात्र सुई टोचत नाही, चोरी करत नाही, मुलीची फी भरतो. पडद्यावर मी त्याला अजून भेटलेली नाही.

खरं दाखवा म्हणजे कृती दाखवा असं नव्हे, हेही सांगायला हवं. पुडी कशी उघडली, पन्नीखाली काडी कशी धरली, धूर कसा ओढला, याचं जवळून केलेलं चित्रण सोडलेल्या माणसाला थिएटरमध्येच कासावीस करतं. आमची काही मुलं असे सिनेमे अर्ध्यात सोडून बाहेर येतात आणि फोन करतात. जी करत नाहीत त्यांची मला काळजी असते. पदार्थाकडून कॅमेरा माणसाकडे वळवलात तर सत्याचं काही कमी होणार नाही.

लिहायला बसण्याआधी आपल्या शहरातल्या एखाद्या चांगल्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या खुल्या सभेत जा. घरच्यांच्या सभेला तर जाच, तिथे रुग्णांच्या सभेहून अधिक ऐकायला मिळतं. आधी विचारून जा. मोबाइल बाहेर ठेवावा लागेल, वही काढायची नाही, कुणाचं नाव पुढे वापरायचं नाही. मागच्या रांगेत बसा. सभा संपल्यावर चहा होतो आणि तेव्हा कुणीतरी आपणहून तुमच्याशी बोलायला येईल. पुढचं शूटिंग, पुढची मीटिंग त्या दिवशी ठेवू नका. पटकथेचा पहिला खर्डा झाला की तो त्यातल्याच कुणाला तरी वाचायला द्या, आणि त्याच्या वेळेचं मानधन द्या. आम्हा समुपदेशकांपैकी कुणाची मदत लागली तर आम्ही एक पैसा न घेता करू.

आपली,
व्यसनमुक्तीच्या कामातली एक समुपदेशक
पुणे